शेपटाची जुळणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुंभकोणम् येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्यासारख्या बी. ए. झालेल्या सरकारी माणसाला सुवर्णमहोत्सवात विमानावर बोलावयास उभे करणाऱ्या कार्यकारिणीच्या धैर्याचे कौतुक करावे तितके थोडेच. चिटणीसांनी आम्हांला प्रथम 'तंजावरचे मराठे' हा विषय सुचविला होता. परंतु त्या विषयावर मंडळात गेल्या पन्नास वर्षांत इतकी व्याख्याने झाली आहेत, की आता खुद्द सरफोजी महाराज श्रोत्यांत येऊन बसले तर तेही मध्यंतरात कॉफीच्या निमित्ताने निघून जातील. तेव्हा आम्ही विचारले, की याच गावात, आपल्याच एका सभासदाच्या दुकानामागील पडवीत, आपण मंडळींनी विमानाचे शेपूट जुळविले, त्याविषयी बोललो तर चालेल काय? चिटणीस म्हणाले, "चालेल, पण तळपदे येणार ना त्यात?"

तर तळपद्यांचे आधीच उरकून घेऊ. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिला विश्वासार्ह असा समकालीन पुरावा मिळालेला नाही. आणि ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा आधार पुढे सांगण्यात येतो, ते १९७४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संशोधकांनी तपासले, तेव्हा ते विसाव्या शतकाच्या आरंभीचे असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष निघाला. मराठी माणसाला विमानविद्येत अभिमानच बाळगावयाचा असेल तर त्यासाठी विष्णू माधव घाटगे यांचे नाव पुरेसे आहे. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या महागुरूंच्या हाताखाली शिकला, परत येऊन बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाला, आणि त्याने आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात गेले. पुढे फ्लाइंग क्लबांचे लाडके 'पुष्पक' हे विमानही घाटग्यांच्याच कारकिर्दीतले. या गृहस्थांवर आपल्या शाळेच्या पुस्तकांत धडा नव्हता, याची आम्हांला आता या वयात चुटपूट लागते.

आता घरी विमान बांधण्याची गोष्ट. अमेरिकेत आणि इतरही देशांत ही हौस जुनी आहे. एखादी कंपनी पत्रे कापून, भोके पाडून, फासळ्या दाबून पेट्यांत भरून पाठविते; हौशी मनुष्य मोटारीच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे ते जुळवीत बसतो. तेथला नियम असा, की निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या हातचे असेल तरच ते घरबांधणीचे विमान म्हणून मानले जाते. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने अमेरिकेतील बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी' या घरबांधणीच्या विमानाचा आराखडा घेऊन काचतंतूंचे एक लहान विमान बांधले व ते १९८७ मध्ये उडविले.

परंतु आपणां सर्वांच्या ओठांवर जे नाव आहे ते अमोल यादव यांचे. मुंबईचे हे वैमानिक. कांदिवलीतील चारकोप येथे आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. यंत्रे आणि इंजिन अरुंद जिन्याने वर चढविले, आणि विमान तयार झाल्यावर त्याचे भाग सोडवून ते क्रेनने खाली उतरविले. हे किट नव्हते, आराखडाही त्यांचाच. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांपुढे ठेवण्यात आले. त्याच फेब्रुवारीत येथे महामहम भरला होता. आम्ही तेव्हा या गावी नव्हतो. परंतु ज्यांच्या पडवीची गोष्ट आम्ही सांगत आहोत, ते आपले सभासद सांगतात, की यात्रेकरूंच्या गर्दीमुळे दुकान बंद ठेवून ते घरी बसले होते, आणि दहावीतल्या त्यांच्या मुलाने मराठी वाहिनीवर ते गच्चीवरचे विमान पाहिले. यादवांच्या विमानाची नोंदणी २०१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. एवढ्या काळात आपल्या सभासदांचा मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयात विमानशास्त्र शिकू लागला होता.

त्याचे वडील गलाई व्यवसायातले. हा व्यवसाय काय हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. निम्मे सभागृह त्यातलेच आहे. तथापि स्मरणिका पुढे दूरदूरच्या मंडळांकडे जाणार म्हणून सांगतो. विटा, आटपाडी, खानापूर या दुष्काळी मुलखातली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम घेऊन देशभर गेली, आणि तमिळनाडूत ज्या गावी सराफकट्टा आहे त्या गावी मूस, भट्टी आणि तेजाब घेऊन बसलेला मराठी मनुष्य बहुधा सापडतोच. आपले सभासद, ज्यांना सर्वजण आबा म्हणतात, ते सोळाव्या वर्षी मामांबरोबर येथे आले. मुलाने दुकानात बसावे, ही त्यांची इच्छा. मुलाच्या डोक्यात विमान. अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलाने व त्याच्या दोन तमिळ मित्रांनी ठरविले, की किटांमध्ये ज्या पद्धतीने शेपटाचा आडवा पंख जुळवितात, त्याच पद्धतीने आपण स्वतः आखलेला एक पंख बांधावयाचा आणि त्यावर भार ठेवून त्याची परीक्षा घ्यावयाची. तो उडणार नव्हता. आबांनी पडवी दिली, पण अटीवर: "येवढं झालं की दुकानात बसायचं. मग पुन्ना इमान न्हाई."

या प्रकरणात आमचा संबंध कसा आला? मुलगा आमच्या बिऱ्हाडी येऊन आमच्या सौभाग्यवतींना म्हणाला, "काकू, तुमचा हात बारीक आहे, मला थोडे दिवस उसना हवा." त्याचे कारण पुढे कळेल. सौभाग्यवती निघाल्या, तेव्हा त्यांच्यामागून आम्हीही निघालो. २०२३ च्या पोंगलनंतर काम सुरू झाले ते एप्रिलपर्यंत रोज संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर चालले.

आता हे शेपूट म्हणजे काय ते सांगतो. सामान्य विमानाचे वजन थोडे पुढच्या अंगास असते, म्हणून शेपटाचा आडवा पंख उड्डाणात सहसा खालच्या बाजूला दाब देत असतो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यातील मापासारखा. हा पंख निखळला तर विमान नाकावर कोसळते. त्याच्या आत डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या दोन तुळया असतात, एक पुढची व एक मागची. त्यांना स्पार म्हणतात. त्यांना आडव्या जोडलेल्या फासळ्या पंखाला आकार देतात. वरून पातळ पत्रा. आमचा पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड होता. आम्हांला वाटत असे की पत्रा म्हणजे नुसते आवरण, उशीवरील अभ्र्यासारखे. तसे नाही. पत्रा रिव्हेटांनी बसला की तोच भार वाहतो, आणि तो बसेपर्यंत आतला सांगाडा हाताने पिळता येतो. पहिल्या दिवशी मुलाने आमच्या हातात नुसता सांगाडा देऊन पिळावयास सांगितले. तो ओल्या धोतरासारखा पिळला गेला. पत्रा बसल्यावर त्याच टोकांना धरून आम्ही तिघेजण लोंबकळलो तरी तो वळेना.

पत्राही साधा नव्हे. गलाई बांधवांना यात रस वाटेल. ॲल्युमिनियममध्ये शेकडा चारच्या सुमारास तांबे व थोडे मॅग्नेशियम घालून केलेला हा धातू. आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन शास्त्रज्ञाने १९०६ च्या सुमारास त्याचा गुण शोधला: तापवून पाण्यात विझविला की तो मऊ राहतो, आणि मग कोणी हात न लावता, नुसता पडल्या पडल्या, काही दिवसांत आपोआप कठीण होतो. आबांनी आयुष्यभर सोने, चांदी, तांबे हाताळले, हे ऐकून ते म्हणाले, "आपुआप? मग तो धातू न्हाई, दही हाय." काही जातीचे रिव्हेट तर याच कारणाने बर्फाच्या पेटीत ठेवावे लागतात, थंडीत ते मऊ राहतात. आमचे त्या जातीचे नव्हते, हे आमच्या फ्रिजचे भाग्य. या मिश्रधातूला गंज लवकर धरतो, म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंस शुद्ध ॲल्युमिनियमचा बारीक थर चढविलेला असतो. म्हणजे येथे मुलामा फसविण्यासाठी नसून राखण्यासाठी आहे. त्यावर चरा पडू नये म्हणून सौभाग्यवतींनी आपल्या दोन जुन्या नऊवार साड्या फाडून टेबलावर अंथरल्या.

काम कसे चालते? प्रथम सर्व भाग कोरडे जुळवावयाचे. भोकांतून स्प्रिंगच्या खुंट्या घालतात, त्यांना क्लेको म्हणतात. शिंपी टाचण्या लावतो तशा. दोन्ही टोकांना ओळंबा सोडून पंखात पीळ नाही याची खात्री करावयाची, कारण पत्रा एकदा बसला की त्या वेळी असलेला पीळ जन्माचा राहतो. मग भोके अंतिम मापाची करावयाची. मग सर्व पुन्हा सोडवावयाचे. प्रत्येक भोकाच्या कडेवर उभी राहिलेली बर दोन्ही बाजूंनी काढावयाची, कारण त्या टोचऱ्या कडेपासूनच पुढे चीर जाते. मग वरच्या पत्र्यातील प्रत्येक भोकाला किंचित वाटी पाडावयाची, म्हणजे रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसते. मग आतून रंगाचा पहिला हात, आणि मग पुन्हा जुळवणी. एकच वस्तू तीनदा उभी करून तीनदा मोडावयाची. फाइल तीनदा फिरविण्याची आम्हांला सवय असल्याने आम्ही या पायरीवर फार टिकलो. मुलाच्या मित्रांपैकी एकाला मात्र भारी कंटाळा आला.

रिव्हेट मारावयास दोन माणसे लागतात. एकजण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक धरतो; दुसरा आत हात घालून रिव्हेटच्या शेपटीमागे लोखंडी ठोकळा दाबून धरतो. बंदूक तडतडते, शेपटी ठोकळ्यावर चेपून तिचे दुसरे डोके होते. ते डोके रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे, असे माप आहे. कमी चेपले तर ढिले, जास्त चेपले तर ठिसूळ. दोघे एकमेकांना पाहू शकत नाहीत; मध्ये पत्रा असतो. म्हणून शब्द ठरवावे लागतात. आत हात गेला, ठोकळा बसला, की आतला म्हणतो 'हं'. मग बाहेरच्याने घोडा दाबावयाचा. पंखाच्या पुढल्या गोलाईत पुरुषाचा हात कोपराच्या पुढे जात नाही, आणि म्हणूनच काकूंचा हात. त्या आत, आम्ही बाहेर. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही त्यांच्या 'हं'ची इतकी वाट कधी पाहिली नव्हती.

पितळेच्या भांड्यांचे काम करणारे एक वृद्ध आसारी शेजारी राहतात. कुंभकोणम् हे भांड्यांचे गाव, आणि स्वामिमलै व नाच्चियारकोयिल हाकेच्या अंतरावर. तेव्हा धातूचा आवाज ऐकून मत देणारा मनुष्य येथे शोधावा लागत नाही. ते खाटेवर पडल्या पडल्या आमची तडतड ऐकत, आणि आवाज खाली उतरला की ओरडत, "पोदुम!" म्हणजे पुरे. त्यांचे पुरे आणि आमचे माप बहुतेक वेळा जुळत असे. जेथे जुळले नाही तेथे चूक आमची निघाली. रिव्हेट बिघडला तर त्याच्या डोक्यात मधोमध छिद्र पाडून तो काढावा लागतो, आणि काढताना भोक मोठे होऊ द्यावयाचे नसते. पहिल्या पंधरवड्यात आम्ही मारले त्याहून अधिक काढले असावेत.

आता आमची कबुली. आम्ही केंद्र सरकारच्या ज्या खात्यात आहोत त्याचे नाव येथे घेत नाही. त्या नोकरीत आम्ही अनेक वर्षे तपासणी-अहवालांखाली 'तपासले, बरोबर आढळले' असे लिहून सही करीत आलो. प्रत्येक वेळी मोजले होते असे छातीवर हात ठेवून आम्हांला सांगता येणार नाही. ढोबळ पाहावे, माणूस बरा दिसला की सही करावी, अशी आमची पद्धत. तर मार्चमधल्या एका रविवारी, मुलगा बाहेर गेला असताना, मागच्या तुळईवरील डावीकडच्या दुसऱ्या फासळीचे भोक आम्ही एकट्याने मोठे करावयास घेतले. ड्रिल सरकले. भोकाचा इंग्रजी आठचा आकडा झाला, आणि तो फासळीच्या कडेकडे झुकला. भोकाचा मध्य कडेपासून निदान भोकाच्या दुप्पट अंतरावर असावा, हा या विद्येतला पहिला नियम. आमचे भोक दीडपटीवरही नव्हते.

आम्ही त्यात रिव्हेट घालून पाहिला. वरून सुबक दिसत होता. पत्रा बसल्यावर तो कोणालाही कधीही दिसला नसता. मुलगा परत आल्यावर आम्ही त्याला सांगितले, परंतु कसे सांगितले ते ऐका. आम्ही म्हणालो, "अरे बाळ, एक भोक जरा इकडेतिकडे गेले आहे. शेकडो रिव्हेटांतला एक. हे काही उडावयाचे नाही. चालेल."

त्याने पाहिले. काही बोलला नाही. वही काढली, प्रत्येक भोकाला त्यात क्रमांक होता. वही आमच्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, यापुढे 'बरोबर' लिहून तुम्ही सही करा. मग बंद करतो."

बंधुभगिनींनो, आम्ही पेन काढले. खरोखर काढले. आणि हात पुढे गेला नाही. तेथे आबा उभे होते, आमच्या सौभाग्यवती ठोकळा हातात धरून उभ्या होत्या, आणि मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो सही करतो की नाही हे पाहत होता, एवढेच. कॅनडासारख्या देशात घरबांधणीच्या विमानाचा पंख बंद करण्यापूर्वी तपासनीस येऊन आतले काम पाहून जातो, कारण नंतर पाहण्यासारखे काही उरत नाही, असे त्याने आम्हांला पूर्वीच सांगितले होते. त्या घटकेला तो तपासनीस आम्ही होतो. आम्ही पेन खिशात ठेवले.

फासळी काढली. तिच्यासाठी शेजारचे एकवीस रिव्हेट काढावे लागले. नवी फासळी लाकडी साच्यावर ठोकून तयार करण्यास तीन दिवस गेले, आणि ती ठोकावयास, कोणी न सांगता, आबा बसले. लाकडी हातोडीने पत्रा न फाटता वळविण्याची त्यांची हातोटी पाहून पोरे गप्प झाली. बापलेक त्या तीन दिवसांत कामापुरतेच बोलले. पण बोलले. आबा जुन्या फासळीचा तुकडा हातात घेऊन म्हणाले होते, "आमच्यात तर कसात एक बिंदू चुकला तरी गिऱ्हाईक परत येत न्हाई. ह्ये त्याच्यापेक्षा वंगाळ काम हाय, म्हंजे चांगलं." त्या वाक्याचा अर्थ आम्ही अद्याप लावीत आहोत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. पडवीच्या भिंतीत लोखंडी चौकट बसवून पंख तिला बोल्टांनी घट्ट केला. दहा दहा किलो वाळूच्या पिशव्या भरल्या. वजन आबांच्या काट्यावर झाले, म्हणजे ग्रॅमपर्यंत बरोबर. मुलांच्या हिशेबाने प्रत्यक्ष उड्डाणात येऊ शकणारा जास्तीत जास्त भार दोनशे चाळीस किलो. तेवढ्यावर पंखाला कायमचा बाक येता कामा नये. आणि त्याच्या दीडपटीवर, म्हणजे तीनशे साठ किलोवर, त्याने निदान तीन सेकंद तग धरला पाहिजे. पिशव्या डावी-उजवीकडे सारख्याच ठेवावयाच्या, मध्यापासून टोकाकडे कमी होत. चोवीस पिशव्यांवर टोक अकरा मिलिमीटर खाली आले. पिशव्या काढल्या, टोक परत शून्यावर. मुलांनी टाळ्या वाजविल्या, आबांनी वाजविल्या नाहीत. पुन्हा ठेवावयास सुरुवात. तिसाव्या पिशवीला मुळाशी पत्र्यावर तिरक्या सुरकुत्या उमटल्या. मुलगा म्हणाला, पातळ पत्र्याने अशा सुरकुत्या घेणे हिशेबात धरलेले आहे. चौतिसाव्या पिशवीला आतून टक्‌ असा आवाज झाला. कोणीच हलले नाही. पस्तिसावी मित्राने ठेवली. छत्तिसावी मुलाने उचलली, आणि थांबून ती वडिलांच्या हातात दिली. आबांनी ती मूल पाळण्यात ठेवावे तशी ठेवली. आसारी खाटेवर उठून बसले होते. मुलगा मोठ्याने मोजू लागला, आणि तीनच्या पुढे थांबावयाचे विसरून अकरापर्यंत मोजत गेला.

पिशव्या उतरविल्यावर तो आवाज कोठून आला ते शोधले. मागच्या तुळईवर, उजवीकडे, दोन रिव्हेटांची डोकी कलली होती. नवी फासळी डावीकडची. ती जशीच्या तशी होती. वहीत त्या दोन क्रमांकांपुढे मारणाऱ्याच्या रकान्यात आमचे नाव होते, आणि ठोकळ्याच्या रकान्यात सौभाग्यवतींचे. त्यांचे म्हणणे असे, की त्या दिवशी त्यांनी 'हं' म्हटलेच नव्हते.

मुलगा सध्या बंगळूरला विमानाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहे. दुकानात बसण्याची अट रद्द झाली की पुढे ढकलली, हे आबांनी अजून स्पष्ट केलेले नाही. ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. कॉफीच्या वेळी आपण विचारून पाहावे. पंख दुकानाच्या मागल्या भिंतीवर टांगलेला आहे, सुरकुत्यांसकट, आणि ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे, कारण त्याआधी भट्टी चालू असते.